राधाकिशनचे नाक आणि देवीची माळ

बोरी गावाच्या उत्तर अंगाला, ओढ्याच्या अलीकडे, राधाकिशनची घराला लागून अर्ध्या एकराची फुलबाग आहे. झेंडू, शेवंती, गलांडा आणि विहिरीच्या कडेने निशिगंधाचा एक वाफा, एवढा तिचा पसारा. या बागेतील सरी वाकडी गेलेली कोणी पाहिली नाही, वाफ्याचा काठ ढासळलेला कोणी पाहिला नाही, आणि पाण्याची पाळी चुकली असे तर कधी घडलेच नाही. बेशिस्त अशी त्या बागेत एकच गोष्ट होती. ती म्हणजे मालकाचे नाक.

पोळा होऊन गेला की या नाकाचा हंगाम सुरू होई. पहाटे बागेत पाऊल टाकताच पहिली शिंक येई, आणि ती एकटी कधीच येत नसे. तिच्या मागोमाग तिची सगळी भावंडे येत. डोळे पाणावत, टाळू खाजे, आणि पन्नाशी ओलांडलेला तो धिप्पाड माणूस पहिलीतल्या पोरासारखा मनगटाने नाक पुसत झेंडूत उभा राही. दिवाळीनंतर थंडी पडली म्हणजे हा सारा प्रकार जसा आला तसा निघून जाई. शेजारच्या रानात सोयाबीन काढणारी माणसे शिंका ऐकून म्हणत, "माळीबुवा उठले." शिंक ऐकू आली तर घरातून निघालेल्याने क्षणभर ओट्यावर टेकावे, अशी गावाची जुनी रीत होती, परंतु शेजाऱ्यांनी ती राधाकिशनपुरती केव्हाच रद्द केली होती. ती पाळायची, तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत त्या आळीतून कोणाचे पाऊलच बाहेर पडले नसते.

राधाकिशन या शिंकांना सर्दी म्हणे. ऍलर्जी हा शब्द त्याच्या पत्नीने, दैवशालाने, मोबाईलवर ऐकून घरात आणला होता. पण राधाकिशनने त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाही.

"माळ्याला झाडाची ऍलर्जी असती का कुटं?" तो विचारी. "कुंभाराला मातीची झालेली ऐकलीस कंदी?"

"कुंभार शिंकत न्हाई ना," दैवशाला म्हणे. "शिंकला असता तर त्यालाबी इचारलं असतं."

तो शब्द त्याला इतका का टोचावा, हे समजून घ्यायचे तर टेकाडावरच्या देवीच्या देवळात गेले पाहिजे. नवरात्रात तेथे घटावर रोज एक नवी माळ चढते. ती माळ स्वतःच्या बागेतून आणायची, पाटावर उभे राहून घटाच्या वर असलेल्या खुंटीला स्वतःच्या हाताने बांधायची, हा मान राधाकिशनच्या घराचा. त्याच्या पणजोबापासून चालत आलेला. ग्रामपंचायतीत त्याला कोणी खुर्ची दिली नव्हती, लग्नाच्या बैठकीत कोणी त्याचा सल्ला विचारीत नसे. पण वर्षातले ते नऊ दिवस सारे गाव त्याला 'राधाकिशनराव' म्हणे, आणि तो गावातून जरा हळू चाले.

मान जेवढा मोठा, तेवढे त्याचे नियम कडक. फुले अंघोळ करून, अनवाणी आणि उपाशीपोटी तोडायची. तोडायला लागल्यापासून माळ खुंटीला बांधेपर्यंत मानकऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, फूल नाकाजवळ न्यायचे नाही. हुंगलेले फूल म्हणजे उष्टे फूल. त्याचा वास देवीच्या आधी माणसाने चाखलेला असतो. आता ज्याचे नाकच हंगामभर ताब्यात नाही, त्या माणसाकडे हा मान असावा, ही परिस्थिती फार काळ शांत राहील अशी नव्हती.

शिवाय राधाकिशनच्या माळेला एक खास शोभा होती. झेंडूच्या दोन फुलांमध्ये तो तांदळाच्या कण्यांसारख्या बारीक पांढऱ्या फुलांची जुडी ओवी. या फुलांना तो 'मोतीकळी' म्हणे. ही मोतीकळी कोणाच्या बागेत नव्हती आणि ती कुठून आणली हे तो कोणाला सांगत नसे. देवस्थानचे अध्यक्ष दत्तराव हे निवृत्त कारकून, नियमांचे मोठे भोक्ते आणि स्तुतीच्या बाबतीत अत्यंत काटकसरी, तेसुद्धा दरवर्षी चष्मा सावरून म्हणत, "मोतीकळीमुळे माळेला उठाव येतो." त्या एका वाक्यावर राधाकिशनचे वर्ष निघे.

यंदाच्या पहिल्या माळेला देऊळ भरलेले होते. राधाकिशन दुरडी घेऊन आत आला, पाटावर चढला, दोन्ही हातांनी माळ उचलली, ती त्याच्या तोंडासमोरून वर जाऊ लागली आणि नाकाने नेमका तोच क्षण निवडला. शिंक एवढी जोराची होती की माळेतला एक झेंडू निसटून गुरवाच्या डोक्यावर पडला. गुरवाने तो प्रसाद समजून कानावर ठेवला.

"काका," मागून आवाज आला, "हुंगलेली माळ देवीला चालती का?"

हा आवाज लिंबाजीचा, म्हणजे राधाकिशनच्या धाकट्या चुलतभावाचा. लिंबाजी बरीच वर्षे परभणीत राहून नुकताच गावी परतला होता. त्याचे रान राधाकिशनच्या बागेला लागूनच, पश्चिमेला. परंतु ते पडीक होते आणि लिंबाजीचा वेळ मोकळा होता.

"हुंगली कुणी?" दत्तरावांनी विचारले.

"शिंकला की दादा."

"शिंकणे वेगळे, हुंगणे वेगळे. श्वास बाहेर टाकणे म्हणजे हुंगणे नव्हे."

"पर काका, आदी आत घेतल्याबिगर शिंक बाहीर येती का?" लिंबाजी अत्यंत नम्रपणे म्हणाला. "नाकाम्होरं माळ व्हती. मंजी आत गेला त्यो वास माळेचाच."

दत्तराव विचारात पडले. राधाकिशन मात्र पाटावर अडकला होता. माळ अजून खुंटीला लागली नव्हती. त्यामुळे तो बोलू शकत नव्हता. त्याने मान हलवली, एका हाताने माळ सावरत दुसऱ्याने नाकाकडे बोट दाखवले, मग वर आढ्याकडे, मग पुन्हा नाकाकडे. आणि गावाने हा मूक युक्तिवाद मोठ्या आवडीने पाहिला. शेवटी त्याने घाईघाईने गाठ मारली आणि पाटावरून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"सर्दी हाय मला, काका. नाक बंद हाय. बंद नाकानं कोण हुंगतंय?"

बायकांमध्ये संमतीची कुजबुज झाली. मुद्दा बिनतोड दिसत होता.

"नाक बंद हाय, तर शिंक कुटून आली?" लिंबाजी म्हणाला. "मागल्या दारानं?"

देऊळ हसले. दत्तराव हसले नाहीत. त्यांनी घसा साफ केला आणि निर्णय दिला. चढलेली माळ उतरवण्याची पद्धत नाही, म्हणून आजची माळ राहील. मात्र पुन्हा एकदा माळेवर शिंक आली, तर उरलेल्या माळा लिंबाजीने चढवाव्यात. "मान घराण्याचा आहे. लिंबाजी त्याच घराण्याचा. तेव्हा मान घराण्याबाहेर जातो असे कोणाला म्हणता येणार नाही."

देवळातून घरी जाताना राधाकिशन हळू चालला नाही.

त्याच दुपारी दैवशालाने त्याला एस.टी.त बसवून जिंतूरच्या दवाखान्यात नेले. डॉक्टर तरुण होता, त्याने नाकात बॅटरीचा उजेड टाकला, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारले, "दरवर्षी याच दिवसांत होतं? मग ही सर्दी नाही, ऍलर्जी आहे. शेताच्या आसपास गाजरगवत आहे का? पांढऱ्या बारीक फुलांचं?"

"आमच्या बागंत?" राधाकिशन दुखावल्या स्वरात म्हणाला. "साहेब, माझ्या वाफ्यात तण ठरत न्हाई."

हे अक्षरशः खरे होते. वाफ्यात गाजरगवत नव्हते. ते बांधावर होते. दैवशाला शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिले नाही. भिंतीवर नाकाच्या आतल्या भागाचे मोठे रंगीत चित्र लावलेले होते, त्याकडे ती एकाग्रतेने पाहू लागली.

मोतीकळीची खरी हकिगत ही अशी होती. काही वर्षांपूर्वी पावसाने ओढ दिली, बाग फारशी फुलली नाही, आणि माळ बोडकी दिसू लागली. तेव्हा राधाकिशनने बांधावरच्या गाजरगवताचा शेंडा खुडून झेंडूंच्या मध्ये ओवून पाहिला. दत्तरावांनी स्तुती केली. त्या दिवसापासून ते तण तण राहिले नाही. बांधावरचे बाकीचे गवत तो उपटी, गाजरगवत मात्र राखी. आणि उन्हाचा कडाका वाढला तर त्याला दोन बादल्या पाणीही घाली. गावोगाव गाजरगवत उपटण्याच्या मोहिमा निघत असताना त्याची निगुतीने जोपासना करणारा माणूस सगळ्या तालुक्यात बहुधा हा एकच असावा. आपले हे गुपित गावात कोणालाच ठाऊक नाही, असा त्याचा ठाम समज होता.

"पाणीबी घालता की त्याला," परतीच्या एस.टी.त दैवशाला म्हणाली.

"हळू बोल. यष्टीत मानसं हाईत."

"मंग खोटं कामून बोलला डाक्टरला?"

"खोटं कुटं बोललो? त्येनं गाजरगवताचं इचारलं. मोतीकळीचं इचारलं का?"

डॉक्टरने दिलेली गोळी त्याने रात्री घेतली. तिने शिंक थांबवली आणि राधाकिशनलाही थांबवले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो अंघोळ करून बागेत गेला, तो परत येईना. दैवशाला पाहायला गेली, तर मानकरी शेवंतीच्या दोन ओळींमधल्या सरीत दुरडी छातीशी धरून गाढ झोपलेले होते. तिने त्याला हलवून उठवले, राहिलेली फुले स्वतः तोडली, माळ स्वतः ओवली आणि त्याला देवळाच्या वाटेला लावले. दुसरी माळ त्याने जवळजवळ मिटल्या डोळ्यांनी बांधली. शिंक आली नाही. डोळे मिटून माळ बांधणारा मानकरी गावाने प्रथमच पाहिला होता. दोन म्हाताऱ्यांना त्याची भक्ती पाहून गहिवरून आले, आणि दत्तरावांनीही पसंतीची मान हलवली.

"आता ती गोळी नगं," घरी आल्यावर राधाकिशन म्हणाला. "पाटावर झोप लागली तर देवीच्या अंगावर पडंन."

"मंग काय करता?"

"कोन्तं फूल तकलीफ देतंय ते बघतो."

त्याने त्या दुपारी आपल्या बागेची जी चौकशी केली, तिला दुसरी उपमा नाही. बाजारासाठी तोडलेली फुले त्याने ओट्यावर ओळीने मांडली. ही देवीची नव्हती, त्यामुळे ती हुंगायला हरकत नव्हती. झेंडू नाकाशी धरून त्याने दीर्घ श्वास घेतला आणि डोळे विस्फारून वाट पाहिली. काही झाले नाही. शेवंती घेतली, काही झाले नाही. गलांड्याला तर त्याने नाकात जवळजवळ कोंबले. निशिगंध हुंगताना त्याचा चेहरा उजळला, कारण तोही निर्दोष ठरला.

"बगितलं?" तो विजयी मुद्रेने म्हणाला. "एकबी फूल न्हाई. सर्दीच हाय."

दैवशाला उठली, बांधाकडे गेली आणि लुगड्याच्या पदराने धरलेली एक पांढरी जुडी घेऊन परत आली. तिने ती त्याच्यापासून हातभर अंतरावर फक्त झटकली.

शिंका थांबेपर्यंत उन्हे कलली. शेवटी राधाकिशन सुजल्या डोळ्यांनी ओट्यावर बसला. ज्या फुलाने त्याचे नाव केले, तेच त्याच्या नाकात शिरून त्याचा मान घालवायला बसले होते. आणि त्याला दोन बादल्या पाणी त्यानेच घातले होते.

"उपटू का?" दैवशालाने विचारले.

"माळ बोडकी दिसंल."

"मान गेल्यावर काय दिसंल?"

तिने हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, तोंडावर कोरोनातला जुना मास्क लावला आणि अंधार पडायच्या आत सगळा बांध मोकळा केला. राधाकिशन विहिरीपलीकडे उभा राहून पाहत होता. तेवढे लांब राहण्याचे कारण नाक, असे त्याने सांगितले.

तिसरी माळ झेंडूची आणि शेवंतीची. पांढरे काही नाही. राधाकिशनने ती न शिंकता वर नेली, न शिंकता बांधली, आणि पाटावरून उतरताना त्याचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा होता. परंतु दत्तरावांच्या नजरेतून कमी-जास्त सुटत नसे.

"राधाकिशनराव, मोतीकळी दिसत नाही."

"हंगाम सरला, काका," राधाकिशन म्हणाला.

"कसा सरंल?" लिंबाजी मदतीला धावून यावे तसे बोलला. "माझ्या पडीक रानात गुडघ्याला लागतीया. पायजे तेवढी न्या की."

"तुझ्या रानात मोतीकळी आहे?" दत्तरावांना नवल वाटले.

"मोतीकळी कसली, काका. गाजरगवत हाय ते."

राधाकिशनने मान खाली घातली आणि फरशीवरची एक पाकळी पायाच्या अंगठ्याने बाजूला सारली. आता देऊळ कोसळेल, अशी त्याची अपेक्षा होती. देऊळ कोसळले नाही. कडूबाई नावाची एक वयस्क बाई, जिचे शेत ओढ्यापलीकडेच होते, ती शांतपणे म्हणाली, "तुमाला ठावं न्हवतं व्हय, काका? आमाला समद्यांना ठावं हाय. बांदावरच तर दिसतंय."

"मग बोलला का नाहीत कोणी?"

"आमी म्हनलं, माळी हाय, त्येला समजत आसंल. आन तुमीच म्हनत व्हता की, उठाव येतो म्हून."

आता संकोचाची पाळी दत्तरावांची होती. ज्या तणाला शेतकरी शिव्या देत उपटतो, त्याची स्तुती त्यांनी देवीसमोर, भरल्या गाभाऱ्यात, वर्षानुवर्षे केली होती. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि विषय शक्य तितक्या लवकर मिटवला. "फूल अमुकच झाडाचे असावे, असा नियम नाही. नियम हुंगण्याचा आहे. आज शिंक नाही, माळ निर्दोष." राधाकिशनला एकाच वेळी सुटल्यासारखे आणि लुटल्यासारखे वाटले. गुपित वाचवण्यासाठी त्याने एवढी वर्षे जी मेहनत घेतली होती, तिची कोणाला काही गरजच नव्हती.

चौथ्या माळेच्या पहाटे वारा येलदरीच्या अंगाने, म्हणजे लिंबाजीच्या पडीक रानावरून, थेट बागेत आला. त्या रानात गाजरगवत भरात होते. राधाकिशनने मास्क लावला, वरून टॉवेल गुंडाळला, आणि डोळे तेवढे उघडे ठेवून फुले तोडली. वाटेवर त्याने श्वास जपून जपून घेतला. देवळात शिरताना टॉवेलच्या आत नाक चाळवले होते. पाटावर चढेपर्यंत त्याने ते आवरले. माळ वर नेली, दोरा खुंटीभोवती फिरवला, आणि फक्त गाठ मारायची राहिली होती.

शिंक टॉवेलातून आली म्हणून ती लहान झाली नाही.

या वेळी लिंबाजी काही बोलला नाही. राधाकिशनने गाठ मारली, टॉवेल सोडला आणि तो खाली उतरला. दत्तराव त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "ठरले होते ते ठरले होते, राधाकिशन." नावापुढचा 'राव' गेल्याचे सर्वांच्या लक्षात आले; दत्तरावांच्या लक्षात ते सर्वांत शेवटी आले.

घरी परतायला त्याने ओढ्याकडची वाट धरली, कारण त्या वाटेला माणसे कमी भेटतात. दिवसभर तो विहिरीच्या काठावर बसून होता. जेवायला बोलावले तर भूक नाही म्हणाला. पाण्याची पाळी होती तर उद्या देऊ म्हणाला, आणि हे ऐकून दैवशाला खरोखर घाबरली. पणजोबा, आजोबा, वडील, सगळ्यांनी माळ बांधली होती, आणि त्यांच्यापैकी एकाचेही नाक मध्ये आले नव्हते.

दिवेलागणीला लिंबाजी आला. तो आत आला नाही. फाटकाशी उभा राहून खाकरला.

"दादा, उद्याची माळ..."

"तुझी हाय. मला काय इचारतूस?"

"फुलं कुटून आणू?"

"तुझ्या रानात हाईत की. गुडघ्याला लागत्यात."

"मस्करी नगा करू. तोडायची किती वाजता असत्यात?"

"कोंबडं आरवायच्या आदी. अंघोळ करून, अनवाणी. आन बांधून हुईस्तोर पोटात काय न्हाई."

लिंबाजीचा चेहरा पडला. "काय न्हाई मंजी चहाबी न्हाई? मला शुगर हाय, दादा. उपाशी राह्यलो की चक्कर येती. सकाळी उठल्याबरूबर खाल्ल्याबिगर गोळी घेता येत न्हाई."

"मंग मान मागितलास कामून?"

"मागितला कुटं? निस्तं इचारलं व्हतं, चालतं का म्हून."

या उत्तराने राधाकिशन इतका थक्क झाला की त्याला रागवायचे सुचले नाही. दैवशाला आतून दोघांचे बोलणे ऐकत होती. ती डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली.

"भाऊजी, काका काय म्हनले व्हते? मान घराण्याचा, असंच ना?"

"व्हय, वैनी."

"मी कुन्या घराण्याची हाय?"

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नव्हता, आणि तो आता इतका सोपा दिसत होता की उत्तर देण्यात काही शोभा उरली नव्हती.

तिघेही दत्तरावांच्या घरी गेले. दत्तरावांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आठवणीत बराच वेळ नियम शोधला. "बाईने माळ बांधल्याचे यापूर्वी घडलेले नाही," ते शेवटी म्हणाले.

"घडलं न्हाई मंजी मनाई हाय का, काका?" दैवशालाने विचारले.

"मनाई नाही," दत्तरावांनी कबूल केले. नियम नसताना तो आहे असे म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "पण मानकरी राधाकिशन आहे. त्याची संमती लागेल."

सगळे राधाकिशनकडे पाहू लागले. मान घरात राहत होता. पण हातातून जात होता. उद्या गाव ज्याला पाहील, तो पाटावरचा माणूस राधाकिशन नसेल. नाही म्हटले असते, तर माळ कशीतरी लिंबाजीने बांधली असती, तो चक्कर येऊन पडला असता, आणि पुढच्या वर्षी काय झाले असते ते देवीलाच ठाऊक. राधाकिशनने टॉवेलने नाक पुसले.

"फुलं तिच्याच हातची हाईत, काका," तो म्हणाला. "लावायला तीच असती माझ्यासंगं. दुसरी माळ तर ओवलीबी तिनंच; मी झोपलो व्हतो."

"झोपला होतास?" दत्तराव म्हणाले. "मला वाटले, भक्ती."

दैवशालाने तेवढ्यात लिंबाजीकडून आणखी एक गोष्ट वदवून घेतली: पुढच्या वर्षी गाजरगवत फुलावर यायच्या आधी, आषाढातच, ते पडीक रान मोकळे व्हायला हवे. लिंबाजी लगेच हो म्हणाला. मानातून सुटका होत असताना तो कशालाही हो म्हणाला असता.

पाचव्या माळेला राधाकिशन प्रथमच देवळात रिकाम्या हातांनी आला आणि कुठे उभे राहावे ते न कळून बायकांच्या मागे भिंतीशी बसला. दैवशाला नवी साडी नेसून, ओठ मिटून, अनवाणी आली. पाटावर चढली आणि माळ वर गेली. राधाकिशनने स्वतःचा श्वास रोखून धरला होता, जणू नाक तिचे नसून त्याचेच तेथे होते. शिंक आली, पण ती मागे, भिंतीशी, माळेपासून वीस पावलांवर, आणि कोणीही मागे वळून पाहिले नाही.

मग गुरवाने घंटा वाजवली आणि त्याने वर पाहिले. इतकी वर्षे ती माळ त्याने हातभर अंतरावरून, मान उंचावून, दोऱ्याची गाठ म्हणून पाहिली होती. देवीसमोर ती कशी दिसते ते त्याला माहीतच नव्हते. पिवळ्या झेंडूच्या दोन लांब ओळी, मध्ये शेवंती, आणि दिव्याच्या उजेडात त्यांची सावली घटावर हलत होती. उठाव यायला पांढऱ्याची काही गरज नव्हती, असे त्याच्या मनात आले, आणि हे दत्तरावांना सांगायचे नाही असेही त्याने लगेच ठरवले. फक्त एक गोष्ट त्याला खटकली. ती देवळात बोलायची नव्हती म्हणून तो पायऱ्या उतरेपर्यंत कसाबसा थांबला.

"माळ डावीकडं कलली व्हती," तो म्हणाला.

"तुमचीबी कलती," दैवशाला म्हणाली. "लगीन झाल्यापून बगतेय मी खालून. दरसाली कलती."

राधाकिशन चालता चालता थांबला. "मंग सांगितलं कामून न्हाई?"

"सांगून काय? तुमी म्हनला असता, सर्दी हाय."